संगीताच्या अंकाचं मुखपृष्ठ: बेळगावच्या वाचकाने अंक उचलावा म्हणून

बेळगावात आमच्या संगीत मंडळाचा वार्षिक अंक निघतो. पहिल्या वर्षी मुखपृष्ठाचं काम माझ्याकडे आलं. मी मरून रंगावर सोनेरी वीणा काढली, खाली कमळ, चारी बाजूंनी नक्षी. छापून आल्यावर आम्हा सगळ्यांना ते देखणं वाटलं. गणपत गल्लीजवळच्या एका दुकानात पन्नास प्रती ठेवल्या. दोन आठवड्यांनी दुकानदार काका म्हणाले, "लोक हातात घेतात हो, पण लग्नपत्रिकेचा नमुना आहे समजून परत ठेवतात की."

काकांचं म्हणणं खरं होतं. आतले लेख चांगले होते, पण ते कुणासाठी आहेत हे मुखपृष्ठ सांगतच नव्हतं. पुढच्या वर्षांत हे काम मी चुकत, छापखान्यात तासन् तास बसून शिकलो. निपाणी, खानापूर, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात कुणी संगीताचा अंक, स्मरणिका किंवा दिवाळी अंक काढत असेल आणि मुखपृष्ठ पहिल्यांदाच करत असेल, तर हे पुढचं त्यांच्यासाठी.

१. आधी एकच वाचक ठरवा

"आमचा अंक सगळ्यांसाठी आहे" हे वाक्य संपादकांच्या बैठकीत हमखास येतं. ते तिथल्या तिथे थांबवा, कारण आपल्याकडे संगीताचा वाचक एका जातीचा नाही.

टिळकवाडी-हिंदवाडीतले ज्येष्ठ रसिक घ्या. मैफलीच्या अर्धा तास आधी येऊन पुढची खुर्ची धरणारे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचं गाणं ऐकायला मिरजेच्या दर्ग्यात रात्र रात्र बसलेले. त्यांना घराणं, गुरू, बंदिश यांत रस. खानापूर तालुक्यातलं भजनी मंडळ वेगळं. ते एकच प्रत घेतं, ती देवळात राहते आणि वीस जण वाचतात. त्यांना अभंगांच्या चाली आणि पखवाजाचे बोल हवेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुलं तिसरी. त्यांचे पैसे आईवडील देतात, म्हणजे मुखपृष्ठाला दोघांशी बोलावं लागतं. कॉलेजात गिटार वाजवणारी पोरं चौथी, त्यांना अंक आधी मोबाइलवर दिसतो.

शिवाय आपल्या भागात एक वाचक असा आहे, जो पुण्या-मुंबईच्या अंकांना सहसा डोळ्यांसमोर ठेवावा लागत नाही: घरी कन्नड बोलणारा आणि मराठी सहज वाचणारा रसिक. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. ८ एप्रिल १९२४ ला बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. भीमसेन जोशी गदगचे. त्यांचे अभंग मराठी घराघरांत आणि दासवाणी, म्हणजे कन्नड हरिदासांची पदं, कन्नड घराघरांत. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, त्यांच्या गळ्यात ख्याल होता तशीच कन्नड शिवशरणांची वचनंही होती. या मंडळींवर अंक काढताना अर्धा वाचक कन्नड घरातला असणार हे धरूनच चाला.

आम्ही दुसऱ्या वर्षी विद्यार्थी हा वाचक धरला आणि तिच्याबद्दल अर्धं पान लिहिलं. वडगावची मुलगी, वय सोळा, गांधर्वच्या मध्यमा परीक्षेची तयारी चालू, आठवड्यातून दोनदा सायकलने शहापूरला क्लासला जाते, अंकाचे पैसे आई देते. हा कागद टेबलावर चिकटवला. पुढे फोटो, रंग, ओळ असा कुठलाही वाद झाला की त्या कागदाकडे बघायचो. निम्मे वाद तिथेच मिटायचे.

२. स्टॉलवर जाऊन उभे राहा

डिझाइनला बसण्याआधी बसस्थानकावरच्या किंवा बाजारातल्या स्टॉलसमोर पंधरा मिनिटं थांबा. अंक कसे ठेवलेत बघा. पायरीपायरीने एकावर एक लावले असतील, तर प्रत्येकाचा वरचा तिसरा भागच दिसतो. दोरीला चिमट्याने टांगले असतील, तर डावी पट्टी दिसते. म्हणून अंकाचं नाव वर आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ वरच्या भागात डावीकडे ठेवा. आमच्या पहिल्या अंकाचं नाव मुखपृष्ठाच्या मध्यभागी, कमळाच्या वर होतं. स्टॉलवर ते कुणाला दिसलंच नाही.

३. काय काय गोळा करायचं

काम सुरू करण्याआधी हे सगळं एका फोल्डरमध्ये असू द्या:

- अंकाचा अंतिम आकार, छापखान्याकडून लिहून घेतलेला. ए-फोर असेल तर २१० × २९७ मिलीमीटर.
- पानांची संख्या आणि बांधणी: मधोमध पिन की चिकटवलेली पाठ. पाठ असेल तर तिची जाडी कागद ठरल्याशिवाय कळत नाही.
- मूळ फोटो, कॅमेऱ्यातून काढलेला. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, तो चालत नाही.
- फोटोग्राफरची लेखी परवानगी आणि फोटोतल्या कलाकाराची संमती. मुलं अठराच्या खालची असतील तर पालकांची सही.
- वापरायच्या फॉन्टच्या फाइल्स.
- नियतकालिक असेल तर नावाच्या मंजुरीचा कागद.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. नियमित निघणाऱ्या नियतकालिकाचं नाव प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे नोंदवावं लागतं. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. अर्ज ऑनलाइन होतो. मी अशी एक मंडळी पाहिली आहे की ज्यांनी नावाची सुरेख अक्षरं काढून घेतली, फलक छापले आणि मग कळलं की ते नाव आधीच दुसऱ्याचं आहे. नाव हातात आल्याशिवाय त्याच्या अक्षरांवर एक रुपया खर्च करू नका.

परवानगीबद्दलही एक गैरसमज सर्रास आहे. जुना फोटो म्हणजे फुकट फोटो नव्हे. आपल्या कायद्यात छायाचित्राचा कॉपीराइट आता साधारणपणे ते काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. गायकाच्या घरच्यांनी अल्बममधला फोटो दिला म्हणून हक्क मिळाला असं होत नाही, तो काढला कुणी हे विचारा. तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल तरी व्यवहार कागदावर असू द्या.

४. अंकाचं नाव: अक्षरंच वाचक बोलावतात

छापखान्यात याला मास्टहेड म्हणतात. वाचक कोण हे सांगायचं निम्मं काम अक्षरांचं वळण करतं. इंग्रजी संगीत मासिकांत हे स्पष्ट दिसतं. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेलं 'केरँग' हेवी मेटलवाल्यांचं. नावच गिटारच्या तारांवर जोराचा फटका मारल्यावर येणाऱ्या आवाजाचं आणि अक्षरं तडे गेलेल्या काचेसारखी. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'क्यू'ने लाल चौकोनात एक पांढरं अक्षर ठेवलं. त्यांचा वाचक जरा मोठा, रेकॉर्डवर पैसे खर्च करणारा, त्याला आरडाओरडा नको होता. संगीत दोन्हीकडे बरंचसं गिटारचंच, पण दुकानात वाचकांची चूक होणार नाही.

ते वळण जसंच्या तसं आपल्याकडे उचलू नका. तडे गेलेली देवनागरी अक्षरं भयकथेच्या पुस्तकासारखी दिसतात, मी करून पाहिलंय. ज्येष्ठ रसिकांसाठी बोरूच्या वळणाची, जाड-बारीक रेषेची अक्षरं बोलतात. मुलांसाठी सारख्या जाडीची, गोलसर. 'मुक्ता', 'बालू', 'तिरो देवनागरी मराठी' हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. त्यांतला तिरो पहिल्या प्रकारचा आणि बालू दुसऱ्या. शहरातला एखादा जुना पेंटर हाताने नाव काढून देणार असेल, तर त्याच्याकडे आधी जा. हातच्या अक्षराची ओळख वेगळीच राहते.

देवनागरीचे सापळे इंग्रजीतून शिकलेल्या डिझायनरला माहीत नसतात, म्हणून सविस्तर सांगतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ल आणि श ची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर 'ताल' आणि 'शास्त्रीय' हे शब्द ज्येष्ठ वाचकाला लगेच परके वाटतात. संगीताच्या अंकात 'गाणाऱ्यांसाठी', 'शिकणाऱ्यांना' असे शब्द पदोपदी येतात. त्यातला ऱ्या तपासा, चुकीच्या टायपिंगमुळे तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल, तर 'बंदिश'मधली पहिली वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन पडते.

छापखान्यात श्रीलिपी (जुन्या पद्धतीचं मराठी टायपिंग) आणि तुमच्याकडे युनिकोड (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारं) असेल, तर मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं हमखास मोडतात. तुमच्या बाजूनेच अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं रेषांच्या चित्रात रूपांतर करून, पीडीएफ द्या.

मोठ्या नावाच्या वर जागा सोडायला विसरू नका. वेलांटी, रफार, अनुस्वार हे सगळे शिरोरेषेच्या वर जातात आणि कागद कापताना पहिला बळी त्यांचा जातो.

५. फोटो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

संगीताच्या अंकावर माणूस असावा असं माझं ठाम मत आहे. नुसतं वाद्य ठेवलं की ते वाद्यांच्या दुकानाचं माहितीपत्रक होतं. माणूस असला की वाचक त्याच्या डोळ्यांत बघतो. तो कॅमेऱ्याकडे बघत असेल तर थेट बोलावतो; पॉप आणि रॉकच्या मासिकांत बहुतेक चेहरे असेच. 'रोलिंग स्टोन'चा २२ जानेवारी १९८१ चा अंक बघा. जॉन लेनन आणि योको ओनो, अॅनी लीबोविट्झने लेननच्या मृत्यूच्याच दिवशी काढलेला फोटो. मुखपृष्ठावर मासिकाच्या नावाखेरीज एकही ओळ नाही. फोटोत एवढी ताकद असेल तर बाकी सगळं काढून टाकायचं धैर्य असावं. पण तसा फोटो विरळा, हेही लक्षात असू द्या.

आपल्या शास्त्रीय गायकांचं मात्र थेट कॅमेऱ्याकडे बघणं अनेकदा पासपोर्टच्या फोटोसारखं होतं. त्यांच्यासाठी मिटलेले डोळे, हवेत थांबलेला हात जास्त बोलका. तानेच्या मधोमध काढलेला फोटो टाळा, तोंड वेडंवाकडं दिसतं आणि कलाकाराला दुखावतं. दोन क्षण पकडा: गाण्याआधी तंबोरे जुळवताना, आणि सम गाठल्यावर साथीदाराकडे बघून येणारं हसू. फ्लॅश अजिबात नको, मैफल मोडते. मायक्रोफोन तोंडावर येतो, म्हणून समोरून नव्हे, जरा तिरके बसा. तबलजीची बोटं स्पष्ट हवी असतील तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा.

आता चूक क्रमांक एक. चेहरा पानाच्या आतल्या बाजूला बघावा म्हणून डिझायनर फोटो आरशासारखा उलटवतात. नवख्याला काही कळत नाही, पण तबला शिकणाऱ्या पोराला एका नजरेत कळतं की उजव्या हाताचा तबला डावीकडे गेलाय. पेटीवाल्याचा भाता भलत्या हातात जातो, कुर्त्याची बटणं उलटी होतात. असं मुखपृष्ठ पाहिलेला जाणकार वाचक आतले लेखही संशयाने वाचतो. फोटो उलटवू नका, मांडणी बदला.

दुसरी चूक तंबोरा आणि सतारीची अदलाबदल. सतारीला पडदे असतात, तंबोऱ्याला नसतात. मिरज आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या कारागिरांच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना भौगोलिक मानांकन मिळालंय. अशा मुलखात ही चूक झाली तर ती वर्षभर ऐकावी लागते. इंटरनेटवरून घेतलेल्या किंवा संगणकाने बनवलेल्या चित्रांत तारा खुंट्यांपर्यंत पोचतच नाहीत, खुंट्यांची संख्या वाटेल ती असते. असं चित्र वापरायच्या आधी एका वाजवणाऱ्याला दाखवा.

आमच्या दुसऱ्या अंकावर आम्ही नामवंत गायक घेतला नाही. त्या कागदावरच्या मुलीच्याच वयाची एक विद्यार्थिनी घेतली, तंबोऱ्याचे मणी सरकवून सूर जुळवणारी. नजर तारांवर, कान जवारीकडे, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या नादाकडे. क्लासच्या खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उजेडात चाळीसेक फोटो काढले, एक लागला. कमिटीतल्या ज्येष्ठांना तो साधा वाटला. पण ज्या मुलींसाठी अंक होता, त्यांना त्या फोटोत आपली रोजची सकाळ दिसली.

६. रंग, आणि आपल्या भागाची काळजी

रंग तीनच ठेवा: एक फोटोतला, एक नावाचा, एक ओळींचा. नावाचा रंग फोटोतूनच उचला. शालीचा काठ, तंबोऱ्याच्या भोपळ्याचा मध रंग, काहीही.

सीमाभागात रंगांना आणखी एक अर्थ आहे. भगवा एकटाच मोठा वापरला, किंवा लाल-पिवळा, म्हणजे कन्नड झेंड्याचे रंग, शेजारी शेजारी आला, की अंक उघडण्याआधीच लोक त्याला कुठल्या तरी बाजूचा ठरवतात. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास तर नक्कीच, आणि दिवाळी बऱ्याचदा तेव्हाच येते. मला माझ्या भाषेबद्दल मनापासून प्रेम आहे, ते मी अंकातल्या मराठीतून दाखवतो. मुखपृष्ठ मात्र असं हवं की धारवाडच्या रसिकानेही ते निर्धास्त हातात घ्यावं. आम्ही कलाकाराचं नाव एका कोपऱ्यात कन्नड लिपीतही छापतो. ते जाणकाराकडून तपासून घ्या. अंदाजाने लिहिलेलं नाव न लिहिल्यापेक्षा वाईट.

७. मुखपृष्ठावरच्या ओळी

तीन, फार तर चार. "संगीतविषयक विविध लेख" ही ओळ कुणालाच काही सांगत नाही. "मान्यवरांचे लेख" तर प्रत्येकच अंकावर असतं. वाचकाच्या कामाचं किंवा कुतूहलाचं नेमकं एक लिहा. विद्यार्थ्यांसाठी: "मध्यमाच्या तोंडी परीक्षेत काय विचारतात?" रसिकांसाठी: "सुळेभावीचा शिवपुत्र: कुमारजींचं जन्मगाव आज". भजनी मंडळासाठी: "पखवाजाला कणीक किती लावावी? जुन्या वादकांचे धडे". यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या वाचकाला जरा दूर ठेवते. ते चालतं.

ओळीत सांगितलेला लेख आत त्याच नावाने सापडला पाहिजे. आईने ओळ वाचून पैसे दिले आणि आत तीन परिच्छेद निघाले, तर पुढच्या वर्षी ती देणार नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. देणगीदार, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे यांचे गोल फोटो मुखपृष्ठावर लावायची मागणी येते. मी आधीच जाऊन बोलतो: "अण्णा, पुढचं पान वाचकाचं राहू दे. तुम्हाला पाठचं अख्खं पान रंगीत देतो." पाठचं पान अंक टेबलावर पालथा पडला की दिसतं, त्यामुळे अण्णांचंही नुकसान होत नाही. हे बोलणं छपाईच्या आदल्या रात्री नको, देणगी घेतानाच करा.

८. छापखान्यात

फाइल सीएमवायके मध्ये (छपाईच्या चार शायांचे रंग), ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), चारी बाजूंना ३ मिलीमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा काठ). ए-फोरसाठी ब्लीडसकट २१६ × ३०३ मिलीमीटर होतं, म्हणजे फोटो पूर्ण पानभर असेल तर अंदाजे २५५१ × ३५७९ पिक्सेल हवेत. महत्त्वाचं काहीही कडेपासून किमान ८-१० मिलीमीटर आत.

मोबाइलवर झळकणारा निळा-हिरवा कागदावर मळकट येतो. मैफलीचे अंधारे फोटो आणखी अंधारतात, म्हणून सावल्या जरा उजळून द्या. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं टाळा. चार रंग केसभर सरकले तरी वेलांट्या भरून जातात. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. गडद मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन सुंदर दिसतं खरं, पण स्टॉलवर चार हातांतून गेलं की बोटांचे डाग उठतात. देवळात राहणाऱ्या, वीस जणांनी वाचायच्या प्रतीला ग्लॉसच बरं. कागद २५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा आर्ट कार्ड पुरतो.

छपाई सुरू होताना तिथे हजर राहा. पहिले काही कागद हातात घेऊन दाराशी, उन्हात बघा. आतल्या ट्यूबलाइटखाली त्वचेचा रंग फसवतो.

९. छापण्याआधी दोन परीक्षा

मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स खऱ्या आकारात काढा, जुन्या मासिकावर चिकटवा आणि ओळखीच्या दुकानदाराला तासभर इतर अंकांत ठेवू द्यायला सांगा. तुमच्या ठरलेल्या वाचकासारख्या तीन जणांना विचारा, "हे कुणासाठी आहे असं वाटतं?" "आवडलं का?" असं विचारू नका, आपल्याकडे तोंडावर नाही कुणी म्हणत नाही.

दुसरी परीक्षा मोबाइलवर. चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. नाव वाचता आलं, चेहरा ओळखता आला तर ठीक. येत नसेल तर एक ओळ काढा, पुन्हा बघा, आणखी एक काढा.

अंक निघाल्यावर महिन्याभराने दुकानात जा आणि कुणी घेतला ते विचारा: मुलींनी, आयांनी, की काकांनी. उत्तर तारखेसकट एका प्रतीच्या आतल्या पानावर लिहा आणि ती प्रत पुढच्या वर्षीच्या बैठकीला घेऊन या.